विंचचा वायरलेस रिमोट नेमका चिखलातच का बंद पडतो? नवा घेण्याआधी काय तपासायचं

विंच म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी, बंपरमध्ये बसवलेली मोटर. घरासमोर उभ्या गाडीवर तिचा रिमोट अगदी सुरळीत चालतो. बटण दाबलं की दोर गुंडाळणारा ड्रम फिरतो, सोडलं की थांबतो. मग जुलैत कुठेतरी गाडी एक्सलपर्यंत रुतते, दोर झाडाच्या पट्ट्याला अडकवून होतो, सगळे लांब जाऊन उभे राहतात, आणि तेव्हाच तोच रिमोट दाबला की बंपरमधून नुसता टक्-टक्-टक् आवाज येतो. दोर ताणला जातो, ढिला पडतो, पुन्हा ताणला जातो. गाडी जागची हलत नाही.

मग आपण काय करतो? सेल बदलतो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग रिमोटची रेंज कमी आहे म्हणून जास्त रेंजवाला रिमोट मागवतो. तो घरी उत्तम चालतो आणि चिखलात पुन्हा टक्-टक्. मी असे तीन रिमोट घेतले. थारवर ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढीची विंच आहे. दोन पावसाळे हा त्रास काढल्यावर आमच्या ओळखीच्या वायरमनने बॉनेट उघडून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "दादा, रिमोट बोलतोय. ऐकणाऱ्याला चक्कर येतेय."

सगळं या एका वाक्यात आलं. हातातला रिमोट फक्त हाक मारतो. ती हाक ऐकून काम करणारा रिसीव्हर गाडीत बसलेला असतो, आणि तो जगतो गाडीच्याच बॅटरीवर. विंचवर खरा लोड आला की त्या बॅटरीतून ४०० अँपिअरच्या आसपास करंट जातो. तेवढ्या ओढीत रिसीव्हरपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात, हे बहुतेक जण कधी मोजतच नाहीत.

टक्-टक् होतं कसं

रिसीव्हरच्या डबीत एक चिप असते, तिला ५ किंवा ३.३ व्होल्ट देणारा छोटा रेग्युलेटर असतो आणि दोन छोटे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, असतात. या रिलेंनी विंचच्या मोठ्या कॉन्टॅक्टरची (हाही रिलेच, पण जाड करंटचा) कॉइल चालू करायची आणि कॉन्टॅक्टरने मोटरला करंट सोडायचा, अशी ही साखळी आहे. आता १२ व्होल्टच्या छोट्या रिलेला ओढून घ्यायला साधारण ९ व्होल्ट लागतात. पुरवठा ७ च्या आसपास घसरला की रेग्युलेटर हात टेकतो आणि चिप बंद पडते. चिप बंद म्हणजे रिले सुटला, कॉन्टॅक्टर सुटला, मोटर थांबली. मोटर थांबताच लोड गेला, व्होल्टेज पुन्हा १२ वर. चिप जागी होते, तुमचं बोट अजून बटणावर असतंच, म्हणून ती पुन्हा रिले ओढते. पुन्हा ४०० अँपिअर, पुन्हा घसरण. हे चक्र सेकंदात अनेकदा फिरतं, तोच तो आवाज.

अंगणात हे होत नाही, कारण रिकामा ड्रम फिरवायला मोटर लोडच्या मानाने फार थोडा करंट घेते.

हा आवाज नुसता त्रासदायक नाही, धोकादायक आहे. दर टक् बरोबर कॉन्टॅक्टरच्या तांब्याच्या टोकांमध्ये ठिणगी पडते. टोकं खरवडतात, वितळतात, आणि एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटतात. माझी चिकटली. उतारावर मित्राची गाडी ओढून झाली होती, मी बटण सोडलं आणि ड्रम फिरतच राहिला. रिमोट बंद केला, तरी फिरत होता. हुक फेअरलीडकडे, म्हणजे बंपरवरच्या दोर आत घेणाऱ्या तोंडाकडे, सरकत होता आणि मित्र दोर सोडवायला वाकलेला होता. त्याला हाक मारून मागे ओढलं. बॉनेट उघडून, पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवेपर्यंत हुक फेअरलीडवर आदळून ॲल्युमिनियमचा तुकडा उडाला होता. तो तुकडा मी जपून ठेवला आहे. अर्ध्या नखाएवढा आहे, आणि तो ज्या दिशेने उडाला तिथे काही क्षणांपूर्वी माणूस होता.

म्हणून रिमोटबद्दल काहीही बोलण्याआधी: विंचच्या पॉझिटिव्ह केबलवर, बॅटरीजवळ, हाताने फिरवून बंद करता येईल असा जाड करंटचा कट-ऑफ स्विच बसवा. बॉनेट न उघडता हात पोहोचेल अशा जागी. हा स्विच नसेल तर वायरलेस रिमोट वापरूच नका. कॉन्टॅक्टर चिकटला की जगातला कुठलाही रिमोट विंच थांबवू शकत नाही. उलट दिशेचं बटण दाबून बघू नका, काही जोडण्यांमध्ये त्याने थेट शॉर्ट होतो. दोर ताणात असताना ड्रमचा क्लच (ड्रमला मोटरपासून मोकळा करणारा खटका) सोडवायच्याही फंदात पडू नका.

आधी वायरचा रिमोट लावून बघा

विंचसोबत आलेला वायरचा रिमोट गाडीत असेलच. नसेल तर तो आधी शोधा. वायरलेस बंद पडतो त्याच क्षणी, त्याच लोडवर, वायरचा रिमोट लावून बघा.

वायरच्या रिमोटनेही विंच टक् करून गप्प बसत असेल, तर दोष वायरलेसचा नाही. बॅटरी, केबल, कॉन्टॅक्टर किंवा मोटर बघायला हवी. वायरचा नीट ओढत असेल आणि वायरलेसच गडबडत असेल, तर दोष रिसीव्हर आणि त्याच्या पुरवठ्यात आहे. वायरच्या रिमोटमध्ये चिप नसते, फक्त स्विच असतो, आणि एकदा ओढलेला कॉन्टॅक्टर बऱ्याच कमी व्होल्टेजपर्यंत धरून राहतो. म्हणून वायरचा चालतो आणि वायरलेस नाही, असं दिसतं आणि आपण रिमोटला दोष देतो.

तिसरी शक्यता, वायरलेस दाबल्यावर टक् सुद्धा होत नाही. मग खरोखर हाक पोहोचत नाही. त्याकडे पुढे येतो.

मल्टिमीटरचे तीन आकडे

ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि तिने माझे दोन रिमोटचे पैसे वाचले असते. सपाट किंवा हलक्या चढाच्या मोकळ्या जागी भक्कम झाडाला दोर लावा आणि गाडीने स्वतःलाच ओढत न्या. आत चालकाच्या जागी बसलेल्या माणसाने ब्रेक हलका दाबून धरायचा, म्हणजे लोड तयार होतो. इंजिन चालू, आरपीएम थोडे वाढवलेले. मल्टिमीटरला मगर-क्लिप लावून लांब वायरींनी केबिनमध्ये आणा. आकडा वाचायला दोराजवळ कुणी उभं राहायचं नाही. मीटरमध्ये सर्वांत कमी आकडा धरून ठेवायची सोय असेल तर फारच चांगलं, कारण घसरण क्षणभराचीच असते.

पहिला आकडा बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर. दुसरा विंचच्या कॉन्टॅक्टरवर, जिथे जाड केबल येऊन पोहोचते तिथे. तिसरा रिसीव्हरच्या लाल-काळ्या वायरींवर.

माझे आकडे लोडवर असे आले: बॅटरीवर ११.२, विंचवर ८.४, आणि रिसीव्हरवर सुरुवातीच्या धक्क्याला ६.८. बॅटरी ठणठणीत होती. मधले २.८ व्होल्ट वाटेत गळत होते. मग वाट दोन भागांत मोजली. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून विंचच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.७ व्होल्ट. बॅटरीच्या निगेटिव्हपासून विंचच्या अर्थपर्यंत २.१. गुन्हेगार सापडला. विंच बसवताना अर्थची केबल बॅटरीपर्यंत न नेता चासीच्या एका बोल्टला लावली होती, आणि बोल्टखालचा रंग खरवडलाच नव्हता. वॉशरखाली काळा रंग, त्यावर गंजाची लालसर कड, आणि एवढ्याशा संपर्कातून सगळा करंट.

हिशोब सोपा आहे. ४०० अँपिअरच्या वाटेत ५ मिलिओहमचा अडथळा आला तरी २ व्होल्ट गेले. पाच मिलिओहम साध्या मल्टिमीटरच्या ओहमवर दिसतसुद्धा नाहीत, तिथे शून्यच येतो. म्हणून "कंटिन्युइटी आहे ना, मग वायरिंग बरोबर आहे" हे म्हणणं विंचच्या बाबतीत चालत नाही. लोडवर व्होल्ट मोजले तरच कळतं.

केबलची जाडीही बघा. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये ४०० अँपिअरला दर मीटरला सुमारे ०.२ व्होल्ट जातात. १६ ची केबल असेल तर ०.४३. जाताना दोन मीटर आणि येताना दोन मीटर धरा, १६ च्या केबलमध्ये १.७ व्होल्ट नुसत्या तांब्यात संपतात, वर लगचे (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्यांचे) सांधे वेगळेच. बॅटरी मागे सीटखाली असेल तर आणखी लांब.

दुरुस्ती

अर्थची केबल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली, पॉझिटिव्हच्याच जाडीची. लग हातोडीने ठोकून न बसवता हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले, वर गोंदवाली श्रिंक ट्यूब. बॅटरी टर्मिनलवरची पांढरी-हिरवट भुकटी साफ केली.

त्यानंतर रिसीव्हरचा पुरवठा. तो बहुतेक वेळा कॉन्टॅक्टरच्याच स्टडवरून घेतलेला असतो, कारण तिथे वायर आखूड लागते. पण जाड केबलच्या त्या टोकालाच सगळ्यात जास्त घसरण होते. रिसीव्हरच्या लाल आणि काळ्या दोन्ही वायरी स्वतंत्रपणे बॅटरीवर आणा. लाल वायरमध्ये बॅटरीजवळच फ्यूज हवा, आणि डॅशबोर्डवर एक साधा स्विच. कॉन्टॅक्टरची कॉइल किती अँपिअर घेते ते मोजून त्याच्या थोडा वरचा फ्यूज घ्या. डॅशबोर्डच्या स्विचचे दोन फायदे. रिसीव्हर सदैव जागा राहून उभ्या गाडीची बॅटरी उतरवत नाही, आणि खिशातल्या रिमोटचं बटण चुकून दाबलं गेलं तरी विंच हलत नाही.

अजून एक दहा रुपयांची गोष्ट आहे, आणि ती फार थोडे जण करतात. कॉन्टॅक्टरची कॉइल बंद होते त्या क्षणी ती उलट दिशेने व्होल्टेजचा फटका मारते. तो फटका रिसीव्हरच्या छोट्या रिलेची टोकं जाळतो आणि कधी चिपही अडकवतो. प्रत्येक कॉइलच्या दोन टोकांवर एक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. उलटा लावला तर शॉर्ट होईल, म्हणून वायरमनकडूनच डाख मारून घ्या. कॉइलमधून करंट नेहमी एकाच दिशेने जातो ना, हे त्याने आधी तपासायला हवं. काही कॉन्टॅक्टरमध्ये डायोड आतच असतो.

हे सगळं झाल्यावर तेच तीन आकडे पुन्हा घेतले. बॅटरीवर ११.३, विंचवर १०.२, रिसीव्हरवर ११.१. टक्-टक् गेली, विंचची ओढही वाढलेली हाताला जाणवली. चिकटलेला कॉन्टॅक्टर अर्थातच नवा घ्यावा लागला. एकदा चिकटून सुटलेला कॉन्टॅक्टर घासून पुन्हा वापरू नका.

टक् सुद्धा होत नसेल तर

मग हाक पोहोचत नाही. रिमोटचा दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, असं नाही. छोट्या दिव्याला फार कमी ताकद लागते. बारा व्होल्टचा बारका २३ए सेल असेल तर त्यात मुळात साठा फारच थोडा असतो. त्याच्या चुलतभावात, २७ए मध्ये, त्याहून कमी. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बघायची टीव्हीवाली युक्ती इथे उपयोगाची नाही. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, हा रेडिओवर.

सेल नवा घालूनही फरक नाही, तर अँटेना बघा. ४३३ मेगाहर्ट्‌झच्या रिसीव्हरला पाव तरंगाची साधी वायर पुरते, आणि ती सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते. ती वायर गुंडाळी करून स्टीलच्या बंपरच्या आत कोंबलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे. लोखंडाच्या डबीत बसलेल्याला बाहेरची हाक कशी ऐकू येणार? अँटेना बाहेर काढा, सरळ ठेवा, धातूपासून बोटभर दूर. ग्रिलच्या प्लॅस्टिकमागची जागा उत्तम.

आणि एक लक्षण: विंच सुरू होते, पण मोटर फिरायला लागल्यावर रिमोट ऐकणं बंद करतो, व्होल्टेज मात्र ठीक आहे. मोटरच्या कार्बन ब्रशांतल्या ठिणग्या रेडिओचा गोंगाट करतात. स्वस्त रिसीव्हर त्या गोंगाटात बहिरा होतो. त्याला मोटर आणि जाड केबलपासून दूर नेऊन बसवणं हा पहिला उपाय. त्याने भागलं नाही, तरच नवा घेण्याची वेळ आली असं समजा.

घ्यायचाच असेल तर

रिमोट बघून घेऊ नका, रिसीव्हर बघून घ्या. हातातला तुकडा कितीही दणकट दिसो, कामाचं आत बसणारं असतं. किती व्होल्टपर्यंत चालतो हे माहितीपत्रकात लिहिलेलं असेल असा घ्या. ९ पासून चालणारा चालेल, ६ पासून चालणारा फारच चांगला. रिले किती अँपिअरचे आहेत ते बघा. डबी पूर्ण बंद, आयपी ६७ दर्जाची असावी, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल. ताम्हिणीच्या पावसात ओढा पार करताना बंपर किती वेळ पाण्याखाली असतो ते आठवा.

कोडचा प्रश्न गंभीर आहे. स्वस्त रिमोटमध्ये ठरलेला एकच कोड असतो, आणि काहींत तो आत टाका मारून ठरवतात. कारखान्यातून एकसारख्याच कोडचे नग निघाले आणि एकाच ताफ्यात दोन गाड्यांवर बसले, तर एकाच्या बटणावर दोन्ही विंच फिरतील. शिकवून जोडता येणारा आणि दर वेळी कोड बदलणारा रिमोट घ्या. ट्रेलच्या सुरुवातीला, सर्व विंचचे क्लच मोकळे ठेवून, प्रत्येकाने एकेकदा बटण दाबायचं आणि दुसऱ्याच्या बंपरमधून टक् येते का ते ऐकायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

वारंवारतेबाबत फार डोकं शिणवू नका. ४३३ आणि २.४ गिगाहर्ट्‌झ दोन्ही चालतात. ४३३ चिखल, पाणी, माणसं यांच्या आडून जरा बरं पोहोचतं, पण गाड्यांच्या किल्ल्या आणि टायर-प्रेशरचे सेन्सरही अनेकदा तिथेच बोलत असतात. अमेरिकेतून आणलेल्या जुन्या संचात ३१५ असतो. त्याचा हरवलेला रिमोट इथल्या ४३३ च्या रिमोटने भरून निघणार नाही. आपल्याकडे वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते, ती असलेला नग मिळाला तर तोच घ्या.

शंभर मीटरच्या रेंजचं कौतुक नको. दोर, हुक आणि ड्रम तिन्ही दिसतील एवढ्याच अंतरावरून विंच चालवायची असते. वायरचा रिमोट साधारण १२ फुटांचा असतो, म्हणजे तुटलेल्या दोराच्या टप्प्यातच तुम्ही उभे. तेथून बाजूला, सुरक्षित जागी सरकता यावं यासाठी वायरलेस आहे. वीसेक मीटर खात्रीचे मिळाले की पुरे.

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा, दुकानातून आणल्या दिवशीच करायची. क्लच मोकळा ठेवा म्हणजे ड्रम फिरणार नाही, फक्त मोटरचा आवाज येईल. बटण दाबून धरा आणि तसंच दाबलेलं असताना रिमोटमधला सेल काढा. मोटर तत्काळ थांबली पाहिजे. थांबली नाही, तर तो रिसीव्हर एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, अशा पद्धतीवर लावलेला आहे. गेटसाठी आणि पंपासाठी ते ठीक. विंचवर नाही. काही रिसीव्हरमध्ये ही पद्धत आतून बदलता येते. येत नसेल तर नग परत करा, किंमत कितीही कमी असो.

बटणं उंच असावीत, ओल्या हातमोज्यातून आत-बाहेर कळावं. सेल सीआर २०३२ असेल तर तालुक्याच्या गावी घड्याळवाल्याकडेही मिळतो. रिमोटला गळ्यात अडकवायची दोरी लावताना ती तुटणारी, चटकन सुटणारी लावा, फिरत्या ड्रमजवळ गळ्यात पक्की दोरी नको. शेवटचे दोन-तीन मीटर दोर आत घेताना बटण थांबत थांबत दाबायचं, आणि हुक हाताने नाही, त्याला बांधलेल्या पट्टीने धरायचा.

वायरचा रिमोट मात्र गाडीतून कधी काढू नका. माझा पुढच्या सीटखाली, सॉकेटची टोपी घट्ट बसवून, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून ठेवलेला असतो.

पावसाळा संपला की मी रिमोटमधला सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवतो, आतला पत्रा कोरड्या ब्रशने पुसतो आणि रिसीव्हरचा डॅशबोर्ड-स्विच बंद करतो. मे महिन्यात परत सेल घालून तेच तीन आकडे घेतो आणि कट-ऑफ स्विच दोन-चारदा फिरवून बघतो, कारण वर्षभर न फिरवलेला स्विच घट्ट बसतो.

आणि हो, सध्या गाडीवर चालतोय तो मी घेतलेला पहिला रिमोट. खराब म्हणून खणात टाकला होता. त्याच्या रिसीव्हरची अँटेना बाहेर काढली, पुरवठा बॅटरीवरून दिला, सेल काढायची परीक्षा घेतली. दोन पावसाळे झाले, अजून एकदाही टक्-टक् केलेली नाही.